मोहल्ल्याच्या पंचांना खुले पत्र: साक्षीदार कुठे आहेत?

प्रति,
जुन्या नाशकातल्या मशिदींचे विश्वस्त, इमामसाहेबान, जमातीचे पंच आणि मोहल्ल्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप चालवणारे भाई लोक,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह.

दर रमजानला तरावीहमध्ये (रात्रीच्या जादा नमाजात) आपण अख्खा कुरआन उभं राहून ऐकता. सव्विसाव्या पाऱ्यात (भागात) सूरह (अध्याय) हुजुरात येते. अवघ्या १८ आयती. हाफिजसाहेबांचा वेग चांगला असेल तर कधी सुरू झाली आणि कधी संपली कळतही नाही. तिची बारावी आयत ईमानवाल्यांना सांगते की पुष्कळशा गुमानांपासून (संशयी तर्कांपासून) लांब राहा, कारण काही गुमान गुनाह असतात. कुणाची टेहळणी करू नका. कुणाच्या पाठीमागे वाईट बोलू नका. आपल्या मेलेल्या भावाचं मांस खाणं तुमच्यापैकी कुणाला आवडेल का? सलाम फिरतो, वित्र होते, मंडळी दूध बाजारात चहाला जमतात आणि तिथे कुणाची तरी सून, कुणाचा तरी हिशेब, कुणाचं तरी रात्री उशिरा येणं निघतं. मी हे रागाने लिहीत नाही असं म्हणणार नाही. राग आहे.

आपल्यापैकी बरेच जण मला ओळखतात. दोन-तीन विश्वस्त तर माझ्याच वर्गात बसून पाढे शिकले. खाली नाव लिहिलेलं नाही, कारण त्यावरून गल्ली कळेल, गल्लीवरून घर कळेल, आणि ज्या बाईबद्दल लिहायचं आहे ती पुन्हा एकदा चर्चेला येईल. सही केलेली प्रत आपल्याकडे पोचवलेली आहे. म्हणजे हे पत्र कुणी लिहिलं याची आपल्याला शंका नसावी.

काही जण म्हणतील, आपा, घरातली गोष्ट चव्हाट्यावर का नेता? चव्हाट्यावर मी नेली नाही. फोटो तुमच्या ग्रुपवर आला, तिथून तो आणखी ग्रुपांत गेला आणि शेवटी तिच्या धाकट्या मुलाच्या क्लासच्या ग्रुपवरही पोचला. त्यानंतर मी लिहायला बसले.

हकिकत अशी. एक तरुण विधवा. अंबडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणीच्या लाइनवर उभी राहून काम करते. दुसरी पाळी असली की सुटायला रात्र होते. कंपनीची गाडी तिला द्वारका चौकात सोडते, पुढचं अंतर ती चालत येते. एका रात्री गाडी रस्त्यातच बंद पडली. लाइनवरचा एक सहकारी, वयाने तिच्यापेक्षा बराच मोठा, नाशिक रोडला राहणारा, वाट वाकडी करून मोटारसायकलवरून तिला गल्लीच्या तोंडाशी सोडून गेला. वरच्या मजल्यावरून कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. खाली लिहिलं, ‘पहचानो’. एवढंच. पुढचं सगळं लोकांनी आपापल्या मनातून भरलं. त्या माणसाचं नाव मुसलमानाचं नाही हे कळल्यावर तर भरायला आणखी जागा मिळाली. आठवड्याभरात जमातीतली चार जबाबदार माणसं तिच्या घरमालकाला ‘समजवायला’ गेली. तिला कुणीही काही विचारलं नाही. तिच्या आईला नाही, कारखान्यात नाही, गाडीच्या ड्रायव्हरला नाही. घरमालकाने या महिन्याच्या अखेरीपर्यंत खोली खाली करायला सांगितली आहे.

इमामसाहेब, हे ऐकून आपल्याला काही आठवलं का? मला तरी लगेच आठवलं, आणि ते आठवायला आलिम (धर्मपंडित) असावं लागत नाही.

बनू मुस्तलिक टोळीवरच्या मोहिमेवरून लष्कर मदिन्याला परतत होतं. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांचा हार हरवला, त्या तो शोधायला गेल्या, तोवर त्यांचा बंद हौदा रिकामाच उंटावर चढवून काफिला निघून गेला. मागून येणाऱ्या हजरत सफवान बिन मुअत्तल (रजि.) यांनी त्यांना पाहिलं, आपला उंट बसवला, त्यांना वर बसवलं आणि स्वतः लगाम धरून पायी चालत दुपारच्या उन्हात त्यांना लष्करापर्यंत आणलं. एक बाई, मागे राहिलेली. एक माणूस, तिला पोचवणारा. बघणाऱ्यांनी जेवढं पाहिलं ते एवढंच. बाकी अब्दुल्लाह बिन उबैने, मुनाफिकांच्या (वरवर ईमान दाखवणाऱ्यांच्या) म्होरक्याने, भरलं, आणि मदिन्याने महिनाभर ते चघळलं.

आपल्या बयानांमध्ये ही हकिकत येते तेव्हा सगळा भर मुनाफिकांच्या कारस्थानावर असतो. तो भाग खराच आहे, पण आपल्या कामाचा दुसराच आहे. ही अफवा पसरवणाऱ्यांत भले लोकही होते. मिस्तह (रजि.) तर बद्रच्या लढाईत लढलेले, आयेशांचे वडील हजरत अबू बक्र (रजि.) यांचे नातेवाईक, अबू बक्र यांच्याच मदतीवर ज्यांचं घर चालायचं असे गरीब मुहाजिर (मक्केहून आलेले). हस्सान बिन साबित (रजि.), प्रेषितांच्या बाजूने काव्य करणारे शायर. नमाजी, मुजाहिद, सवंगडी. त्यांनी रचलं काहीच नव्हतं. त्यांनी ऐकलं आणि पुढे सांगितलं. आजच्या भाषेत, त्यांनी फॉरवर्ड केलं.

सूरह नूरमध्ये अल्लाह यावर जे बोलतो ते मला नेहमी अंगावर येतं. पंधरावी आयत म्हणते की तुम्ही ही गोष्ट जिभांवर घेत होता, ज्याचं तुम्हाला ज्ञान नव्हतं ते तोंडाने बोलत होता आणि तिला हलकं समजत होता, जेव्हा अल्लाहपाशी ती फार मोठी होती. आणि त्याआधी बारावी आयत: हे ऐकताच ईमानवाल्या पुरुषांनी आणि स्त्रियांनी आपल्याच माणसांबद्दल चांगला विचार का केला नाही, हे उघड खोटं आहे असं का म्हटलं नाही? ‘चौकशी होईपर्यंत थांबायला हवं होतं’ एवढ्यावर ही आयत थांबत नाही. ऐकल्याबरोबर पहिला विचार भला यायला हवा होता, असं ती बजावते. हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरात नेमकं तेच झालं. त्यांनी बायकोला विचारलं, तू असं केलं असतंस का? ती म्हणाली, कधीच नाही. ते म्हणाले, मग आयेशा तर तुझ्यापेक्षा श्रेष्ठ आहे. विषय संपला. पुरावा गोळा करायला ते कुठे गेले नाहीत, कारण स्वतःच्या घरातली बाई जे करणार नाही ते दुसऱ्याच्या घरातली करेल असं मानायला त्यांच्याकडे काही कारण नव्हतं.

आणखी एक नाव घेते, कारण बायकांच्या मजलिसमध्ये मी ते नेहमी सांगते. हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.). सवत. आयेशांच्या बरोबरीने प्रेषितांच्या घरात मान असलेली. आयेशा (रजि.) स्वतः सांगतात की बाकीच्यांपैकी त्याच माझ्या तोडीच्या होत्या. जैनब यांची सख्खी बहीण ही अफवा पसरवत फिरत होती. प्रेषितांनी (स.) विचारल्यावर जैनब म्हणाल्या, मी माझे कान आणि डोळे जपते, मला तिच्याबद्दल चांगल्याशिवाय काही माहीत नाही. फायदा समोर उभा होता आणि त्यांनी तो घेतला नाही. आणि घरातल्या दासीला, बरीराला, विचारलं तेव्हा तिने दोष सांगितला तो असा: मुलगी लहान आहे, पीठ मळून ठेवते आणि झोपी जाते, मग घरची शेळी येऊन ते खाऊन टाकते. जे पाहिलं तेवढंच बोलायचं. त्याच्या पलीकडे एक अक्षर नाही.

प्रेषितांना (स.) महिनाभर वही (अल्लाहचा संदेश) आली नाही, हेही बघा. आपल्याच बायकोबद्दल शहर बोलतंय आणि आभाळातून उत्तर नाही. त्या काळात त्यांनी काय केलं? विचारलं. जवळच्यांना, नोकराणीला, शेवटी स्वतः आयेशांना, समोर बसून. आपल्या जमातीला ती चार माणसं घरमालकाकडे पाठवण्याआधी तिच्या दाराशी एक बुजुर्ग बाई पाठवणं जमलं नाही.

आता कायद्याचा भाग. सूरह नूरची चौथी आयत: जे पाकदामन (शीलवान) स्त्रियांवर तोहमत (आळ) लावतात आणि चार साक्षीदार आणत नाहीत, त्यांना ८० फटके मारा आणि पुढे कधीही त्यांची साक्ष मानू नका. तेरावी आयत आणखी पुढे जाते: ते साक्षीदार आणू शकत नाहीत, म्हणजे अल्लाहपाशी तेच खोटे. खरं खोटं कळलं नाही, प्रकरण संशयास्पद राहिलं, असा मधला कप्पा तिथे नाही. आरोप करणारा आणि पुरावा न आणणारा खोटा ठरतो, मग त्याच्या मनात काहीही असो. फटके मारा असं मी म्हणत नाही, आपण ज्या देशात राहतो तिथे तो अधिकार ना आपल्याला आहे ना असावा. पण दुसरा अर्धा भाग, त्या माणसाची साक्ष पुन्हा न मानण्याचा, तो तर आपल्या हातात आहे ना? मग ‘पहचानो’ लिहिणारा माणूस अजून ग्रुपचा ॲडमिन कसा?

(तो कोण, हे मला माहीत आहे. इथे लिहिणार नाही. मी लिहिलं तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?)

हुजुरातच्या त्या आयतीत एक क्रम आहे, तो मला फार सूक्ष्म वाटतो. आधी गुमान, मग टेहळणी, मग गीबत (पाठीमागची निंदा). मनात संशय आला की तो खरा करून दाखवायची खाज सुटते, म्हणून माणूस गॅलरीत मोबाइल घेऊन उभा राहतो. आणि काही हाताला लागलं की, किंवा लागलंय असं वाटलं की, ते एकट्याने पोटात ठेवणं त्याला जमत नाही. म्हणून बंदी पहिल्या पायरीवरच आहे. आणि ‘पुष्कळशा’ गुमानांपासून दूर राहा असं का म्हटलं, गुनाह तर काहीच आहेत? कारण कुठला गुमान त्या ‘काहीं’मध्ये पडतो हे गुमान करणाऱ्याला तेव्हा कळत नसतं. त्याला तो नेहमी रास्तच वाटतो.

टेहळणीबद्दल इमामसाहेब, एक विनंती वेगळी करते. कॉलेजच्या वाटेवर, धरणावर, हॉटेलात बुरख्यातल्या मुलीला कुणा मुलासोबत पाहिलं की गाडी आडवी घालून व्हिडिओ काढणारी पोरं आहेत. त्या क्लिपा माझ्याही मोबाइलवर येतात. मुलगी तोंड झाकते आहे, पोरं तिचं नाव, बापाचं नाव, मोहल्ला विचारताहेत, आणि खाली ‘माशाअल्लाह, अच्छा किया’ असं लिहिलेलं. ही पोरं स्वतःला दीनचे पहारेकरी समजतात. खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दल एक हकिकत सांगितली जाते, आपणही सांगितली असेल: रात्रीच्या गस्तीवर एका घरातून आवाज आले, ते भिंत चढून आत गेले आणि आतल्या माणसाला पकडलं. तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, मी एक गुनाह केला, तुम्ही तीन केलेत. टेहळणी मना होती, ती केलीत. घरात दारातून यायचा हुकूम आहे, भिंतीवरून आलात. परवानगी आणि सलामाशिवाय आत शिरू नये, शिरलात. आणि खलिफा परत गेले. ज्याच्या नावाने लोक चळचळा कापायचे तो माणूस मागे फिरला. आपली पोरं इंजिन बंदसुद्धा करत नाहीत.

पंच मंडळींचा नेहमीचा मुद्दा मला माहीत आहे. आपा, आगीशिवाय धूर निघत नाही. मदिन्यातही हेच म्हणणारे असणार. दुसरा मुद्दा जरा वजनदार आहे: वातावरण वाईट आहे, खबरदारी घ्यायला नको का? घ्यायला हवी. पण खबरदारी स्वतःच्या वागण्यात घ्यायची असते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत प्रेषित (स.) एतिकाफला (मशिदीत एकांतात) बसलेले असताना त्यांच्या पत्नी हजरत सफिया (रजि.) रात्री भेटायला आल्या. परत जाताना ते त्यांना सोडायला उठले. दोन अन्सारी (मदिन्यातले) सवंगडी तिथून जात होते, त्यांनी भराभर पावलं उचलली. प्रेषितांनी त्यांना थांबवलं आणि सांगितलं, ही सफिया आहे, हुयैची मुलगी. ते ओशाळले: सुब्हानल्लाह, तुमच्याबद्दल आम्ही काही मनात आणू का? तेव्हा ते म्हणाले की शैतान माणसाच्या रक्ताबरोबर फिरतो, त्याने तुमच्या मनात काही टाकू नये म्हणून सांगितलं. संशयाला जागा राहू नये याची जबाबदारी त्यांनी स्वतः घेतली, आणि त्या दोघांवर ‘तुमच्या मनातच घाण’ असा आरोपही केला नाही.

हाच नियम ट्रस्टला लावून बघा. फित्र्याचा, जकातीचा, चर्मकुर्बानीचा (कुर्बानीच्या कातड्यांचा) दानाचा पैसा कुणी खाल्ला यावर दर वर्षी कुजबुज होते. कुजबुज गुनाह आहे, मान्य. पण हिशेब फळ्यावर लावला तर ती सुरूच होणार नाही. एका बाईच्या येण्याजाण्याची नोंद ठेवणाऱ्या जमातीकडे जमातीच्याच जमाखर्चाची नोंद वर्षभर कुणाला दिसू नये, हे मला पटत नाही. एवढं बोलून हा विषय सोडते, तो वेगळ्या पत्राचा आहे.

त्या सहकाऱ्याचं नाव आपलं नाही म्हणून संशय वाढला, याबद्दल सूरह निसा वाचा, १०५पासून ११२पर्यंत. तफसीरकार (कुरआनचे भाष्यकार) सांगतात की मदिन्यात एक चिलखत चोरीला गेलं. चोर मुसलमान कुळातला. चोरीचा आळ त्याने एका यहुद्यावर टाकला आणि त्याचे नातेवाईक त्याची वकिली करायला प्रेषितांकडे आले. आयत उतरली ती यहुद्याच्या बाजूने: दगाबाजांचे वकील होऊ नका, आणि जो स्वतःचा गुनाह निरपराधावर टाकतो तो बुहतानाचं (खोट्या आळाचं) ओझं उचलतो. भलं गुमान फक्त आपल्या मोहल्ल्यापुरतं ठेवायची परवानगी या आयती देत नाहीत. एका परक्या म्हटल्या जाणाऱ्या माणसाने भर रात्री आपल्या पोरीला सुखरूप घरी आणलं, त्याला निदान एक शुक्रिया तरी पोचायला हवा होता.

आणि संशय अंगावर येतो तेव्हा काय होतं, हे नाशिक जिल्ह्याने नाही सांगायचं तर कुणी सांगायचं? ८ सप्टेंबर २००६. मालेगाव, शबे-बरात, जुम्याचा दिवस, बडा कब्रस्तानजवळचे बॉम्बस्फोट. तीसहून जास्त माणसं गेली. अटक झाली ती आपल्याच नऊ जणांना. किमान पाच वर्षं तुरुंगात काढल्यावर त्यातल्या बहुतेकांना जामीन मिळाला आणि मुंबईच्या विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केलं ते एप्रिल २०१६मध्ये. त्यातला एक तोवर जिवंत नव्हता. तेव्हा आपण सगळे एकच प्रश्न विचारत होतो: पुरावा कुठे आहे? तो प्रश्न बरोबर होता. आज एक बाई तोच प्रश्न आपल्याला विचारते आहे, तेव्हा आपल्याला तो उद्धटपणा वाटतो.

दुसरी बाजूही मी सांगते. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली अशी मोबाइलवरची अफवा, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. त्याच दिवसांत मालेगावातही जमावाने एका परगावच्या कुटुंबाला त्याच संशयावरून घेरलं होतं, पोलिसांनी त्यांना वाचवलं. तो जमाव बाहेरून आलेला नव्हता. ऐकलेलं सगळं पुढे सांगत सुटणं एवढंच माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, ही हदीस (प्रेषितांचं वचन) सहीह मुस्लिम या संग्रहाच्या सुरुवातीलाच आहे. ज्यांच्या मोबाइलमध्ये दिवसाला शंभर मेसेज येतात त्यांनी ती रोज वाचावी.

आता मागणं. पहिलं, येत्या जुम्याचं बयान हुजुरात आणि नूर यांवर व्हावं, आणि ते मदिन्यातल्या मुनाफिकांवर न थांबता आपल्या गल्लीपर्यंत यावं. नाव कुणाचंच घेऊ नका, ना तिचं, ना त्याचं. दुसरं, ज्या ग्रुपांवर तो फोटो फिरला, त्या प्रत्येक ग्रुपवर ॲडमिनने स्वतः लिहावं की आम्ही चौकशी न करता हे पसरू दिलं, यात काही तथ्य नाही. आरोप ज्या दारातून गेला त्याच दारातून खुलासा जायला हवा. एकट्यात येऊन ‘आपा, माफ करा’ म्हटल्याने तो परत येत नाही. तिसरं, जमातीपुढे कुणाच्या चारित्र्याबद्दल तक्रार आली तर ती लेखी, तक्रार करणाऱ्याच्या सहीने, आणि ज्याच्यावर आहे त्याला समोर बोलावून. सही करायची तयारी नसेल तर तक्रार ऐकूच नका. अर्ध्या तक्रारी तिथेच गळतील, माझ्याकडून लिहून घ्या.

हजरत अबू बक्र (रजि.) यांनी मिस्तहची मदत बंद करायची शपथ घेतली होती. मुलीवर आळ घेणाऱ्याला कोणता बाप पोसेल? तरीही आयत आली की माफ करा, अल्लाहने तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का. आणि त्यांनी मदत पुन्हा सुरू केली. त्या विधवेलाही मी हेच सांगितलं. तिने पोलिसांकडे जायचं अजून टाळलं आहे. भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे हे तिला माहीत आहे, मीच सांगितलं. फोटो, वेळ, ग्रुपांची नावं, सगळं तिने जपून ठेवलेलं आहे. माफी देणं तिच्या हातात आहे, पण माफी मागणाऱ्याने आधी समोर यावं लागतं.

ज्या चौघांनी घरमालकाला समजावलं, त्यांनी महिनाअखेरीच्या आधी पुन्हा त्याच्याकडे जावं आणि खोली तिच्याकडेच राहील असं त्याच्याकडून कबूल करून घ्यावं. तो नाही म्हणाला तर तिच्या मुलांच्या शाळेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, त्याच भाड्यात दुसरी खोली बघून देणं ही जमातीची जबाबदारी. जाताना मला बोलवा, मी सोबत येईन. यातलं काय करणार आणि कधी, हे जुम्याच्या आधी लेखी कळवावं. तोंडी निरोप मी घेणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जुने नाशिक